अंग राखून उडणारे सहकारी : वॉर थंडरच्या हवाई लढतींत त्यांच्यासह कसे खेळावे

वॉर थंडर या ऑनलाइन युद्धखेळातील हवाई रिअलिस्टिक (वास्तवाच्या अधिक जवळ जाणाऱ्या प्रकारातील) लढती नियमित खेळणाऱ्यांना एक प्रसंग चांगला परिचयाचा असतो. आपण दोन हजार मीटरवर तीन शत्रूंच्या कोंडाळ्यात सापडलेलो असतो, नकाशावर आपल्या संघाचे चार-पाच निळे बाण दिसत असतात, आणि ते सगळे सहा-सात हजार मीटर उंचीवर, लढाईपासून पंधरा किलोमीटर अंतर राखून, आणखी वरच चढत असतात. आपले विमान पडते, मागोमाग दुसऱ्याचे पडते, आणि पाचेक मिनिटांनी हे उंचावरचे सहकारी एकेक करून, प्रत्येक जण एकटा असताना, चौघा-पाचांच्या हाती सापडतात. त्यानंतर चॅटमध्ये जे लिहिले जाते ते येथे छापण्याजोगे नसते.

हा संताप रास्त आहे, परंतु त्याचा उपयोग शून्य आहे. अनोळखी सहकाऱ्याला शिव्या घालून त्याचा स्वभाव दहा मिनिटांत बदलता येत नाही. करता येण्याजोगी गोष्ट एकच आहे : त्याच्यासाठी लढाईत उतरणे इतके स्वस्त आणि सोपे करून ठेवायचे की अतिसावध माणसालाही ती संधी सोडवणार नाही. पुढील सर्व विवेचन याच एका गोष्टीविषयी आहे, आणि ते मुख्यतः पंख्याच्या इंजिनांच्या म्हणजे दुसऱ्या महायुद्धकालीन विमानांच्या लढतींना लागू पडते.

सावधपणा कशामुळे आहे, हे आधी ओळखावे

उंचावर असलेला प्रत्येक सहकारी भित्रा असतो, असे समजणे ही पहिली चूक होय. काही विमानांना उंची घेण्यावाचून पर्यायच नसतो. अमेरिकेचे पी-४७ थंडरबोल्ट हे अवजड विमान सावकाश चढते. ते शत्रूच्या दिशेने सरळ चढत गेले तर जर्मन बीएफ १०९ त्याच्या डोक्यावर आधीच येऊन बसलेले असते. म्हणून त्याचा चालक नकाशाच्या कडेने, आडबाजूला चढत जातो आणि पुरेशी उंची मिळाल्यावर लढाईकडे वळतो. जर्मनीच्या एफडब्ल्यू १९० च्या ए मालिकेतील विमानांचेही बहुतांशी असेच आहे. याउलट चांगले चढणारे ब्रिटिश स्पिटफायर, जपानी झीरो किंवा बीएफ १०९ घेऊन कोणी पाचव्या मिनिटालाही कडेनेच चढत असेल, तर त्यामागे विमानाची गरज नसून चालकाची भीती किंवा सवय आहे, असे मानायला हरकत नाही. म्हणून लढत सुरू होताच गुणफलक उघडून आपल्या बाजूला कोणकोणती विमाने आहेत, हे एकदा पाहून घ्यावे. अर्ध्याअधिक संघाकडे थंडरबोल्ट असतील, तर पहिली काही मिनिटे आपल्याला मदत मिळणार नाही, हे धावपट्टीवरच समजते आणि पुढचा मनस्ताप टळतो.

दुसरा प्रकार अशांचा, ज्यांना उतरायचे असते परंतु कधी उतरावे ते कळत नाही. 'उंची म्हणजे जीवन' हा धडा त्यांनी नवशिकेपणी पाठ केलेला असतो. ती उंची खर्च कशी करायची, हे कोणी शिकवलेले नसते. संख्येने हेच सर्वाधिक असतात, आणि सुदैवाने आपल्या प्रयत्नांना प्रतिसाद देणारेही हेच असतात.

तिसरा प्रकार विमान वाचवणाऱ्यांचा आहे आणि त्याचे मूळ खेळाच्या रचनेत आहे. आर्केड या सोप्या प्रकारच्या लढतीत एकामागून एक विमाने घेऊन परतता येते, मात्र हवाई रिअलिस्टिक लढतीत प्रत्येकाला एकच विमान, एकच जीव मिळतो. ते पडले की दुरुस्तीचा खर्च सिल्व्हर लायन्स या खेळातल्या चलनात भरावा लागतो, शिवाय मारलेल्या आणि पडलेल्या विमानांचे गुणोत्तर खेळाडूच्या नोंदीत कायमचे जमा होते. पुढच्या विमानासाठी महिनोन्महिने खपणाऱ्या माणसाला हा खर्च टोचतो, यात नवल नाही. मे २०२३ मध्ये याच अर्थव्यवस्थेवर चिडलेल्या खेळाडूंनी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर नकारात्मक परीक्षणांचा भडिमार केला होता, आणि त्यानंतर खेळ बनवणाऱ्या गाइजिन कंपनीला दुरुस्तीखर्चासह अनेक बाबतींत फेरबदल करावे लागले. खर्चाची धास्ती थोडी ओसरली असली तरी त्या काळात जडलेली सवय अनेकांची सुटलेली नाही. अशा खेळाडूकडून धाडसाची अपेक्षा करू नये. त्याच्याकडून फक्त बिनजोखमीचे काम करवून घ्यावे.

उंची दिसते तेवढी मोलाची नसते

अतिसावध सहकाऱ्याचा, आणि त्याच्यावर चिडणाऱ्याचाही, एक समान गैरसमज असतो : जो वर आहे तो वरचढ आहे. लढाऊ विमानाची खरी पुंजी उंची आणि वेग यांची बेरीज असते. वेगाचे उंचीत रूपांतर केल्यास किती मीटर मिळतील, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो : मीटर प्रति सेकंदातील वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीने भागावे. ताशी ५०० किलोमीटर हा वेग साधारण ९८० मीटर उंचीच्या तोलाचा आहे. ताशी ३०० किलोमीटर मात्र जेमतेम ३५० मीटरच्या. आता पाच हजार मीटरवर ताशी ३०० ने रखडत चढणारे एक विमान आणि त्याच्याखाली ४,४०० मीटरवर ताशी ५०० ने जाणारे दुसरे विमान घ्या. पहिल्याची एकूण पुंजी ५,३५० मीटर, दुसऱ्याची ५,३८०. सहाशे मीटर 'वर' असलेला गडी प्रत्यक्षात बरोबरीतच आहे, आणि खालच्याने नाक वर केले तर तो गडबडून जाणार आहे. येथे खरा वेग धरला आहे; पडद्यावर दिसणारा निर्देशित वेग उंचीवर त्याहून कमी भरतो, हे ध्यानात ठेवावे.

यातून व्यवहारात काय करावे? सहकारी वर दिसला म्हणजे आपल्या पाठीशी छत्र आहे, असे गृहीत धरू नये. तो सतत नाक वर करून चढत असेल, तर त्याचा वेग तळाला गेलेला असतो आणि हाक मारली तरी त्याला खाली येऊन नेम धरायला वेळ लागतो. तोच तीनशे मीटर खाली, सपाट आणि वेगात उडत असेल, तर तो अधिक उपयोगी ठरतो. लढाईला तोंड लागण्याआधी अशा सहकाऱ्याच्या शेजारी जाऊन आपण स्वतः सपाट उडू लागलो, तर तोही पुष्कळदा चढणे थांबवतो. माणूस शेजाऱ्याचे पाहून वागतो. आकाशातही तसेच घडते.

चौघे मागे राहिल्याची किंमत

उशिरा येणाऱ्या मदतीने किती नुकसान होते, हे समजले की आपण आपली चाल त्याप्रमाणे आखू लागतो. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला वर्गाचा नियम येथे उपयोगी पडतो. सारखेच कुशल आणि सारखीच शस्त्रे असलेले दोन गट एकमेकांवर मोकळेपणे मारा करू शकत असतील, तर त्यांचे बळ संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सोळा विरुद्ध सोळा लढतीत आपले चौघे लांब राहिले, म्हणजे प्रत्यक्षात बारा विरुद्ध सोळा सामना झाला. सोळाचा वर्ग २५६, बाराचा १४४. फरक ११२, आणि त्याचे वर्गमूळ साडेदहाच्या आसपास. म्हणजे आपले बाराही पडेपर्यंत शत्रूची दहा-अकरा विमाने उडत असणार. त्यानंतर आपले ताजेतवाने चौघे या साडेदहांशी भिडले, तर ११२ मधून १६ वजा होऊन ९६ उरतात, आणि शत्रूची जवळजवळ दहा विमाने शाबूत राहून लढत संपते. दोन्हीकडे सोळाच होते, कौशल्य सारखे होते, तरी निकाल दहा विरुद्ध शून्य.

हवाई लढत इतकी आखीव नसते; कोणी बाँबफेकीला जातो, कोणी जमिनीवर आपटतो, सगळे एकाच वेळी एकमेकांच्या पल्ल्यात येत नाहीत. तरीही दिशा खरी आहे. या गणिताचा दुसरा अर्थ सहसा कोणी बोलून दाखवत नाही : दोष मागे राहिलेल्या चौघांचा जेवढा, तेवढाच त्यांची वाट न पाहता घुसलेल्या बारांचाही असतो. फाटाफूट दोन्हीकडून होते. आपण दोन मिनिटे थांबून सोळा विरुद्ध सोळा असा सामना घडवू शकत असू, तर ती दोन मिनिटे थांबणे हाच आपल्या हातातला सर्वांत मोठा उपाय आहे.

थांबण्यालाही मर्यादा असते, आणि याचे जुने उदाहरण १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये सापडते. आग्नेय इंग्लंडचा बचाव करणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या ११ ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क हाती येतील त्या स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) लगोलग पाठवत. उत्तरेकडील १२ ग्रुपचे प्रमुख ट्रॅफर्ड ली-मॅलरी आणि त्यांच्या हाताखालचे स्क्वाड्रन-प्रमुख डग्लस बेडर यांचा आग्रह अनेक स्क्वाड्रनची मोठी फळी आधी हवेत जमवून मग एकदम तुटून पडण्याचा होता. फळी जमायला वेळ लागे, आणि ती पोचेपर्यंत जर्मन बाँबफेकी विमानांनी काम उरकलेले असे, अशी पार्क यांच्या बाजूची तक्रार होती. हा वाद इतिहासकारांत आजही संपलेला नाही, त्यामुळे आपल्या खेळातही 'किती थांबावे' याचे एकच उत्तर मिळेल, अशी आशा धरू नये. माझा स्वतःचा ठोकताळा असा की, आपल्या बाजूची जमिनीवरची लक्ष्ये शत्रूच्या हल्ला-विमानांकडून पडू लागली किंवा सहकाऱ्यांची उंची शत्रूच्या वरच्या थराइतकी झाली, की थांबणे संपले.

शत्रूला ओढून आणणे

आता मुख्य कौशल्याकडे वळू. सहकारी लढाईकडे येत नसेल, तर लढाई त्याच्याकडे न्यावी. शत्रूला आपल्या मागे लावायचे आणि सहकाऱ्याच्या बंदुकांसमोरून न्यायचे, एवढेच हे तंत्र. ते नवे नाही. अमेरिकी नौदलातील जॉन थॅच यांनी १९४१ मध्ये, जपानी झीरो विमानाच्या चपळाईच्या बातम्या कानावर आल्यावर, घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून यावर विचार केला. त्यांच्या हाताखालचे वाइल्डकॅट विमान चढण्यात आणि वळण्यात झीरोपुढे टिकणारे नव्हते. त्यांनी शोधलेली युक्ती अशी : दोन विमाने काही अंतर राखून समांतर उडतात, एकाच्या मागे शत्रू लागला की दोघेही एकमेकांच्या दिशेने वळतात, आणि पाठलाग करणारा शत्रू दुसऱ्याच्या नेमात समोरून येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्यांनी ती प्रत्यक्ष वापरली. हीन विमान असलेल्या दोघांना सरस विमानासमोर उभे राहता येते, ते अशा परस्परांच्या आधारावर.

थॅच यांच्या सहकाऱ्यांना काय करायचे ते ठाऊक होते. आपल्या सहकाऱ्याला ते ठाऊक नसते. म्हणून खेळात या युक्तीचे एकतर्फी रूप वापरावे लागते, ज्यात सगळे कष्ट आपण करायचे आणि सहकाऱ्याने फक्त बंदूक चालवायची. यासाठी सर्वांत आधी अंतराचा अंदाज हवा. समजा, शत्रू आपल्या मागे एक किलोमीटरवर आहे आणि आपल्यापेक्षा ताशी ५० किलोमीटर अधिक वेगाने येतो आहे. तीनशे मीटरवर आल्यावर तो नेमका मारा करू शकेल, असे धरले तर आपल्याकडे सुमारे ५० सेकंद आहेत. ताशी ५०० च्या वेगाने आपण त्या वेळात सात किलोमीटर कापतो. म्हणजे सहकारी जागचा हलणार नसेल, तर तो सात किलोमीटरच्या आत असला पाहिजे. तोही तितक्याच वेगाने आपल्याकडे निघाला, तर चौदा किलोमीटरपर्यंत चालेल. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगातले पंधरा किलोमीटर अंतर या हिशेबात बसत नाही, आणि म्हणूनच तेथे हाका मारून उपयोग नसतो. शत्रूशी भिडण्यापूर्वीच आपण सहकाऱ्यापासून सात किलोमीटरच्या परिघात आहोत ना, हे नकाशावर पाहून घ्यावे. नसल्यास त्या शत्रूला सोडून द्यावे, तो कितीही सोपा दिसत असला तरी.

दुसरी गोष्ट, पळण्याची पद्धत शत्रूच्या विमानाप्रमाणे बदलते. मागे झीरो असेल तर उथळ सूर मारत जावे; ते विमान मोठ्या वेगात जड होते आणि सुरात फार काळ साथ देऊ शकत नाही. मात्र त्याला पूर्ण मागे टाकू नये, नाही तर तो नाद सोडून वळेल. आवाक्यात येतो आहोत असे त्याला वाटत राहिले पाहिजे. मागे थंडरबोल्ट किंवा अमेरिकेचेच मस्टँग असेल तर सूर मारणे म्हणजे आपणहून मरण ओढवून घेणे होय, कारण सुरात त्यांना गाठणे कठीण आणि टाळणे त्याहून कठीण. तेथे रुंद, सलग वळणे घेत, उंची न गमावता सहकाऱ्याकडे सरकावे. शत्रू अधिक जवळ आला, की मोठ्या वेगामुळे तो वळणाबाहेर फेकला जाईल अशा क्षणी वळण आवळावे.

तिसरी आणि बहुतेकांकडून चुकणारी गोष्ट म्हणजे शेवटचा टप्पा. जीव मुठीत धरून पळणारा माणूस स्वाभाविकपणे सहकाऱ्याच्या थेट दिशेने जातो आणि वेडीवाकडी गिरकी घेत राहतो. त्यामुळे शत्रूही वेडावाकडा उडतो, आणि वरून येणाऱ्या कच्च्या नेमबाजाला काहीच टिपता येत नाही; पुष्कळदा त्याच्या गोळ्या आपल्यालाच लागतात. सहकाऱ्याच्या खालून, त्याच्या मार्गाला आडवे जावे. त्याच्या जवळ पोचताना काही सेकंद सरळ उडावे, म्हणजे पाठलाग करणाराही सरळ उडेल. शत्रूने गोळीबार सुरू केला तर तेवढ्या वेळेपुरते विमान तिरके घसरवावे, परंतु दिशा सोडू नये. सहकारी सूर मारून खाली येऊ लागला, की त्याच्या बाजूला हलके वळण घ्यावे. त्याला कोपरा कापून शत्रूच्या पाठीमागे येता येते. हे काही सेकंद आपण निव्वळ आमिष असतो, आणि ते सोसण्याची तयारी नसेल तर या तंत्राच्या वाटेला न गेलेले बरे.

किल, म्हणजे विमान पाडल्याचे श्रेय, सहकाऱ्याला मिळेल. मिळू द्यावा. अतिसावध खेळाडूला खाली उतरल्याबरोबर, काहीही न गमावता एक विमान मिळाले, की पुढच्या वेळी तो आपण होऊन आपल्या आसपास राहतो. त्याच लढतीत दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नाही, असा अनुभव वारंवार येतो. आयता किल हिसकावण्यासाठी ऐन वेळी उलटे वळणारे आमिष मात्र ही सगळी पुण्याई घालवून बसते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अंग राखून खेळणारे मराठी खेळाडू 'हा आमचा गनिमी कावा आहे' असे हसत सांगतात. गनिमी काव्यातली माघार शत्रूला आपल्या सोयीच्या जागी आणण्यासाठी असे, आणि तेथे आल्यावर त्याच्यावर घाव घातला जाई. घाटमाथ्यावर बसून राहणे आणि शत्रू खालून निघून गेला की दुसरा घाटमाथा शोधणे, याला तो शब्द लावता येत नाही. आमिष बनून शत्रूला ओढणारा आणि वरून उतरून घाव घालणारा, असे दोघे मिळून तो डाव पुरा होतो. नुसता वर बसलेला एकटा माणूस त्याचा अर्धाच भाग आहे.

काय बोलावे, कधी बोलावे

मदत मागण्याची वेळ शत्रू मागे लागल्यावरची नसते. तेव्हा हात कळफलकावर अडकलेले असतात आणि सहकाऱ्याला पोचायला वेळ उरलेला नसतो. भिडण्याच्या अर्धा मिनिट आधी संदेश टाकावा. त्यात तीन गोष्टी पुरेत : कोणत्या चौकोनात, किती शत्रू, आणि सहकाऱ्याने नेमके काय करायचे. नकाशावरील चौकोनांना अक्षर आणि अंक असतात, त्यामुळे 'डी-४, एक स्पिटफायर, तुमच्याखाली आणतो' एवढे लिहिले की भागते. 'मदत करा' या हाकेतून काय करावे ते कळत नाही, आणि सावध माणूस संदिग्ध हाकेला कधीच प्रतिसाद देत नाही. लिहायला वेळ नसेल तर खेळातील तयार रेडिओ संदेश वापरावेत. ते ऐकणाऱ्याला त्याच्या निवडलेल्या भाषेत पोचतात, त्यामुळे सहकारी जपानी असो की ब्राझीलचा, भाषेची अडचण येत नाही.

उद्देशून बोलावे ते एकाच खेळाडूला, नाव घेऊन. सर्वांना मारलेली हाक कोणालाच लागू होत नाही, हे गृहनिर्माण संस्थेच्या सभेला बसलेल्या कोणालाही पटेल. नाव घेऊन केलेल्या विनंतीत दोष दाखवणारा एकही शब्द नसावा. 'वर काय करतोस' असे विचारले की तो स्वतःचे समर्थन करण्यात गुंततो आणि उतरणे बाजूलाच राहते. काम झाल्यावर दोन शब्दांत आभार मानावेत.

ओळखीच्यांसह खेळताना हे सगळे सोपे होते. हवाई लढतीत चार जणांपर्यंतचा स्क्वाड (एकत्र खेळणारा गट) करता येतो, आणि डिस्कॉर्ड या संभाषणाच्या ॲपवर मराठीत बोलणारे दोघे सोबत असले तरी पुरे. तेथे 'तू वर राहा, मी ओढतो' असे लढतीआधीच ठरवून घ्यावे आणि सावध मित्राला वरची जागा द्यावी. त्याच्या स्वभावाला ती मानवते. एक सूचना मात्र जरूर करावीशी वाटते. बोलताना 'डावीकडे', 'उजवीकडे' हे शब्द टाळावेत, कारण दोघांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतात आणि ऐन धामधुमीत माझे डावे की तुझे डावे, यावरून भांडण जुंपते. उत्तर-दक्षिण म्हणावे किंवा चौकोन सांगावा. 'सुटलो', 'मागे एक', 'गोळ्या संपल्या', 'आता ये' असे तीन-चार ठरलेले शब्द असले म्हणजे बाकीच्या आरडाओरड्याची गरज राहत नाही.

कोणीच येणार नसेल तेव्हा

सगळे प्रयत्न करूनही कधी कधी सहकारी ढिम्म हलत नाहीत. अशा लढतीत आपण पहिल्या फळीत जाऊ नये. वर चढलेल्यांच्या थोडे खाली आणि थोडे पुढे, त्यांच्या सात किलोमीटरच्या परिघात राहावे. त्यांच्यावर चाल करून येणारा शत्रू आपल्यासमोरून जातो, आणि वरच्यांकडे नजर लागलेल्या शत्रूला खालून मागून येणारे विमान सहसा दिसत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण आमिष बनत होतो त्यांनाच आता आमिष करायचे. हे फारसे उदात्त नाही, हे मान्य. तरीही एकट्याने घुसून चौथ्या मिनिटाला पडून हँगर गाठण्यापेक्षा ते संघाच्या कितीतरी अधिक कामाचे असते. विमान बाँब वाहू शकत असेल तर जमिनीवरची लक्ष्ये मारण्याचाही पर्याय असतोच. त्यांनी शत्रूची तिकिटे, म्हणजे संपल्यावर लढत हरावी लागते ते संघाचे गुण, घटतात, आणि लक्ष्ये पडू लागली की शत्रूची लढाऊ विमाने आपोआप खाली ओढली जातात. ती खाली आली की वरच्या सावध मंडळींना हवी तशी संधी समोर येते.

जेट विमानांच्या वरच्या श्रेणीत मात्र यातले बरेच ठोकताळे कोलमडतात. तेथे दूरवरून येणाऱ्या रडार-क्षेपणास्त्रांमुळे जमिनीलगत उडणे किंवा शत्रूला काटकोनात राहून जाणे हे शहाणपणाचे असते, आणि सात किलोमीटरचे परिघ निरर्थक ठरतात. तेथील सहकारी खाली दडून उडतो म्हणून त्याला पळपुटा म्हणण्याआधी आपल्या रडार-इशाऱ्याकडे एकदा पाहावे.

राहता राहिला तो प्रसंग, ज्यात आपण पडलेलो असतो आणि संघात उरलेला शेवटचा खेळाडू नेमका तोच अतिसावध गडी असतो. तो धावपट्टीच्या विमानवेधी तोफांच्या छायेत घिरट्या घालतो, आणि मेलेले सगळे त्याला चॅटमधून विमान चालवायला शिकवू लागतात. त्या वेळी त्याला उपयोगी पडेल असे आपल्याकडे काही असते, आणि ते म्हणजे आपण पडण्यापूर्वी जे पाहिले ते. उरलेल्या शत्रूंपैकी कोणाचे इंजिन गळते आहे, कोण शेवटी कोणत्या चौकोनात आणि किती उंचीवर दिसला, कोण परतून गोळ्या भरायला गेला असण्याचा संभव आहे, एवढे एका ओळीत लिहावे. तो खेळला तर खेळला. न खेळला तरी आपल्याला हँगरमध्ये परतून दुसऱ्या विमानाने पुढच्या लढतीच्या रांगेत उभे राहायला कोणी अडवलेले नसते.